सत्तराव्या मिनिटाला दम कुठे जातो?

वाचकाचं पत्र :

आमचा हौशी महिला फुटबॉल संघ आहे. मी मधल्या फळीत खेळते आणि दोन वर्षांपासून कर्णधार आहे. आम्ही सगळ्याजणी नोकरी आणि घर सांभाळून खेळतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि सुट्टीच्या दिवशी सामना. पूर्वार्धात आम्ही कुणालाही भारी पडतो, पण सत्तर मिनिटं झाली की पाय जड होतात आणि सामना तिथेच हातातून जातो. आम्ही व्यायामाला जातो तिथे आता कमी ऑक्सिजनची खोली सुरू झाली आहे. आठवड्यातून दोनदा तासभर तिथे ट्रेडमिलवर धावलं की सहा आठवड्यांत डोंगरावर राहून आल्यासारखा दमसास वाढतो, असं तिथले लोक सांगतात. सगळ्यांनी पैसे काढून जावं असं संघात चाललंय. दोघी तर आत्ताच 'अल्टिट्यूड मास्क' लावून पळायला लागल्यात, आणि एक जण श्वास रोखून स्प्रिंट मारते. स्पर्धा साडेतीन महिन्यांवर आहे. या सगळ्याचा खरंच उपयोग होतो का? जाता जाता, मला स्वतःला हल्ली दोन जिने चढले तरी धाप लागते. पाळीत रक्तही जास्त जातं. वय ३४, त्यामुळे असेल कदाचित.

– एक कर्णधार

उत्तर :

कर्णधार ताई,

तुमचा प्रश्न खोलीबद्दलचा आहे, पण मी सुरुवात पत्राच्या शेवटच्या तीन वाक्यांपासून करतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटली. आठवड्यातून तीनदा फुटबॉल खेळणाऱ्या खेळाडूला ३४व्या वर्षी दोन जिन्यांत धाप लागत असेल, तर ती वयावर ढकलू नका. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. पाळीत जास्त रक्त जातं हेही त्यांना स्पष्ट सांगा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन्ही तपासण्या करून घ्या. हृदय आणि फुप्फुसं तपासायची का, हे डॉक्टर ठरवतील. दम्याचा सौम्य त्रासही कित्येकदा असाच जिन्यावर पहिल्यांदा लक्षात येतो.

फेरिटिनचा आग्रह का धरतोय तेही सांगतो. प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन दर डेसिलिटर रक्तामागे १२ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. पण शरीर हिमोग्लोबिन सहजासहजी उतरू देत नाही. आधी ते साठ्यातलं लोह काढून काढून वापरतं, आणि तो साठा फेरिटिनमध्ये दिसतो. म्हणजे हिमोग्लोबिनचा आकडा चांगला असूनही कोठार रिकामं असू शकतं. अशी खेळाडू चालते, बोलते, सरावाला येते, फक्त उत्तरार्धात दिसेनाशी होते. तपासणी सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी किंवा सर्दीतापात करू नका. शरीरात दाह असताना फेरिटिन फुगून दिसतं आणि खरा साठा कळत नाही. आणि रिपोर्ट येण्याआधी लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. काहींच्या शरीरात लोह गरजेपेक्षा जास्त साठतं, त्यांना त्या गोळ्या अपाय करतात.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय त्याला कारण आहे. पूर्वी मी ज्या संघाला शिकवत होतो, त्यात एक मुलगी डाव्या बगलेला खेळायची. महिन्या-महिन्याला ती मंदावत गेली. मी तिला जास्त धावायला लावलं. तीही बिचारी धावली. तिचं फेरिटिन जवळजवळ संपलं होतं हे चार महिन्यांनी कळलं, तेही तिच्या आईने हट्ट धरून तपासायला नेलं म्हणून. ते चार महिने मी तिला परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून दमसासाबद्दल कुणीही काहीही विचारलं, तरी मी आधी रक्ताचा रिपोर्ट मागतो.

आणि याचा तुमच्या खोलीशी थेट संबंध आहे. डोंगरावर राहून दमसास वाढतो तो मुख्यतः लाल पेशी वाढल्यामुळे, आणि लाल पेशी बनायला लोह लागतं. लोहच नसेल, तर हिमालयात नेऊन ठेवलं तरी शरीर काय करणार? उंचीवर शिबिराला जाणारे व्यावसायिक संघ म्हणूनच निघण्याच्या काही आठवडे आधी प्रत्येकाचं फेरिटिन बघतात.

आता खोलीकडे वळू. उंचावर 'हवेत ऑक्सिजन कमी असतो' असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण समुद्रकिनारी आणि शिखरावर सारखंच असतं, सुमारे २०.९ टक्के. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो, २,५०० मीटरवर साधारण ५६०. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोरच त्यामुळे घटतो. व्यायामशाळेतली खोली दाबाला हात लावत नाही. तिथलं यंत्र हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नायट्रोजनचा वाटा वाढवतं आणि ऑक्सिजन १४-१५ टक्क्यांवर आणतं. शरीराला ते जवळपास २,५०० ते ३,००० मीटरवर गेल्यासारखंच वाटतं. म्हणजे खोली खोटी नाही. तिच्यात राहायचं किती, हा खरा प्रश्न आहे.

ऑक्सिजन कमी पडला की पेशींमधली एक यंत्रणा जागी होते. हा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना, २०१९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या यंत्रणेच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ हे संप्रेरक जास्त पाझरू लागतं. ते काही तासांतच वाढतं, आणि तिथले लोक तुम्हाला बहुधा हेच सांगत असणार. पण ईपीओ ही फक्त मागणी आहे. मागणी नोंदवली म्हणजे माल आला असं होत नाही. अस्थिमज्जेत पेशी तयार होऊन रक्तात यायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मागणी टिकून राहावी लागते. तासाभराने तुम्ही बाहेर येता, साध्या हवेत श्वास घेता, की मागणी मावळते.

किती काळ राहावं लागतं याचा हिशेबही झालेला आहे. २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून असं मांडलं गेलं की पुरेशा उंचीवर काढलेल्या दर १०० तासांमागे शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन साधारण १.१ टक्का वाढतं. रोज १४ तास, असे चार आठवडे राहिलं तर ३९२ तास होतात, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास वाढ. तुमच्या खोलीत आठवड्यातून दोन तास, असे सहा आठवडे, म्हणजे एकूण १२ तास. त्याच हिशेबाने वाढ येते ०.१३ टक्के. हे मोजण्याची जी उत्तम पद्धत आहे तिच्यातच सुमारे दोन टक्क्यांची चूक होते, म्हणजे ही वाढ खरोखर झाली तरी दिसणारसुद्धा नाही. म्हणून 'डोंगरावर राहून आल्यासारखा दमसास' हे तिथल्या लोकांचं म्हणणं मी पूर्णपणे नाकारतो.

या विषयाचं वेड १९६८च्या ऑलिंपिकपासून लागलं. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत बॉब बीमनने ८.९० मीटरची लांब उडी मारली, आणि लांब पल्ल्यात मात्र सपाटीवरचे नामवंत धावपटू कोसळले. १५०० मीटर जिंकला तो केनियाच्या उंच पठारावरचा किप केनो. तेव्हापासून सगळे डोंगराकडे धावले. पण डोंगरावरच्या सरावात एक खोट निघाली. तिथे पायांना सपाटीवरचा वेग गाठताच येत नाही, त्यामुळे रक्त सुधारतं आणि पाय मंदावतात. १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी ३९ धावपटूंवर याचा उलगडा केला. २,५०० मीटरवर राहून १,२५० मीटरवर उतरून सराव करणाऱ्यांची ५,००० मीटरची वेळ सुमारे १३ सेकंदांनी सुधारली. वरच राहून वरच सराव करणाऱ्यांच्या लाल पेशीही वाढल्या होत्या, पण वेळ सुधारली नाही. 'राहा वर, धावा खाली' हे सूत्र तिथून आलं. त्यातही सगळ्यांना सारखा फायदा होत नाही, काहींना अजिबात होत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकलपटूंना रोज १६ तास बंद खोल्यांत ठेवून, कुणाच्या खोलीत ऑक्सिजन कमी आहे हे त्यांना कळू न देता हाच प्रयोग केला, तेव्हा दोन गटांत फरक आढळला नाही.

आता तुमचा बेत या सूत्राशी ताडून बघा. तुम्ही राहणार खाली आणि धावणार वर. दोन्ही बाजू उलट्या. कमी ऑक्सिजनमध्ये तुम्हाला ट्रेडमिलचा वेग उतरवावा लागेल, नाडी मात्र धडधडेल, घाम निथळेल, आणि 'आज काय जबरदस्त व्यायाम झाला' असं वाटेल. पण मांड्यांनी काम केलेलं असेल कमीच. त्रास जास्त झाला म्हणजे फायदाही जास्त झाला, ही समजूत खेळात फार खोल रुजली आहे, आणि मास्कचा सगळा खप याच समजुतीवर चालतो.

मास्कचं थोडक्यात सांगतो. त्यातून आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन तेवढाच असतो, २०.९ टक्के. फक्त हवा आत ओढायला जोर लागतो, आणि आपणच सोडलेली थोडी हवा परत आत येते. २०१६ साली २४ जणांना सहा आठवडे जोरकस सायकलिंग करायला लावलं, अर्ध्यांना मास्क लावून. दमसास दोन्ही गटांचा वाढला, आणि शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं या मापात दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक निघाला नाही. श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम होत असेल, पण त्याला उंचीवरचा सराव म्हणणं चूक आहे. तुमच्या त्या दोघींना मास्क काढून, पूर्ण वेगाने धावायला सांगा.

मग खोलीचा काहीच उपयोग नाही का? एका गोष्टीसाठी असू शकतो, आणि ती नेमकी तुमच्या खेळातली आहे.

फुटबॉलमध्ये कुणी नव्वद मिनिटं एकसारख्या वेगाने धावत नाही. वरच्या दर्जाचे खेळाडू सामन्यात १० ते १२ किलोमीटर कापतात, पण त्यात चालणं, हळू पळणं आणि मधेच जीव तोडून मारलेले छोटे स्प्रिंट असतात. स्प्रिंटची ताकद येते स्नायूतल्या फॉस्फोक्रिएटिनमधून. ते काही सेकंदांत खर्च होतं आणि पुन्हा भरायला ऑक्सिजनच लागतो. अर्धं भरायलाच अर्धा-पाऊण मिनिट जातं, पूर्ण भरायला काही मिनिटं. खेळात तेवढी उसंत मिळत नाही. त्यामुळे खरा कस लागतो तो एक स्प्रिंट मारून वीस-तीस सेकंदांत दुसरा तेवढाच जोरात मारण्यात. यालाच धरून संशोधकांनी वेगळी युक्ती काढली. कमी ऑक्सिजनमध्ये लांब पळायचं नाही, सहा ते दहा सेकंदांचे पूर्ण जोराचे स्प्रिंट थोड्या विश्रांतीने मारायचे. स्प्रिंट इतका छोटा असतो की हवा विरळ असली तरी वेग फारसा पडत नाही, आणि मधल्या विश्रांतीत स्नायूला ऑक्सिजनसाठी झगडावं लागतं. वेगाने आकसणाऱ्या तंतूंकडे रक्त जास्त पोचायला लागतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० सायकलपटूंनी असे आठ सराव केले, काहींनी ३,००० मीटरच्या हवेत, काहींनी साध्या. एका स्प्रिंटमधली ताकद दोन्ही गटांची सारखीच वाढली, साधारण सहा टक्के. पण थकून थांबेपर्यंत किती स्प्रिंट होतात हे मोजलं, तेव्हा कमी ऑक्सिजनवाल्यांचे नऊवरून तेरावर गेले आणि साध्या हवेतल्यांचे नऊच्या आसपासच राहिले. नंतर रग्बीपटूंवरही चांगले निकाल आले. उलट २०१७ साली कुणाला कोणती हवा मिळते हे खेळाडूंपासूनही आणि मोजणाऱ्यांपासूनही लपवून हाच सराव केला, तेव्हा जादा फायदा दिसला नाही. माझं मत विचाराल तर परिणाम असावा, पण छोटा. आधीच सगळं नीट करणाऱ्या खेळाडूला शेवटच्या थोड्या फरकासाठी तो उपयोगी पडू शकतो.

तुमच्या संघात अजून बरंच काही करायचं राहिलं आहे, आणि तिथेच मला खरी आशा दिसते. २००१ साली नॉर्वेत तरुण फुटबॉलपटूंवर एक प्रयोग झाला. नेहमीच्या सरावात आठवड्यातून दोनदा एवढीच भर: चार मिनिटं जोरात धावायचं, नाडी जास्तीत जास्त ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मग तीन मिनिटं हळू पळायचं, असं चार वेळा. आठ आठवड्यांनी त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ५८.१ मिलिलिटरवरून ६४.३ वर गेली. सामन्यात कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं आणि स्प्रिंट जवळजवळ दुप्पट झाले. हे सगळं साध्या हवेत, फुकट. ती मुलं तुमच्यापेक्षा जास्त तयारीची होती, तरी त्यांच्यात इतकी जागा शिल्लक होती. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करणाऱ्या संघात किती असेल!

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. सामन्याच्या दिवशी सकाळपासून तुम्ही सगळ्या काय आणि किती खाता? आदल्या दिवशीच्या दगदगीत जेवण राहून जातं का? सत्तराव्या मिनिटाचं कोडं पुष्कळदा फुप्फुसात नसतंच, मांडीत असतं. सामन्यानंतर खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून बघितला, तेव्हा जवळपास निम्म्या तंतूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपलेली किंवा संपत आलेली होती. हा २००६ मधला अभ्यास आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९७०च्या दशकात, दिसून आलं होतं की साठा अर्धवट घेऊन मैदानात उतरणारे खेळाडू उत्तरार्धात बराचसा वेळ चालतच काढतात. पूर्वार्धात तुम्ही भारी पडता आणि नंतर पाय उचलत नाहीत, हे वर्णन मला या रिकाम्या साठ्याशी फार जुळतं वाटलं. आदल्या दिवसापासून पोटभर पिष्टमय जेवण, सामन्याच्या तीन-चार तास आधी नीट खाणं, मध्यंतरात थोडं गोड पेय, एवढं आधी दोन सामने करून बघा. पहिल्या वीस मिनिटांत सगळ्याजणी एकदम तुटून पडता का, तेही तटस्थपणे बघा. कर्णधार म्हणून तो लगाम तुमच्या हातात आहे.

आता साडेतीन महिन्यांचं कसं करायचं ते सांगतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची यो-यो चाचणी घ्या, वीस मीटर जाऊन-येऊन आणि मधे दहा सेकंद विसावा असलेली, बीपच्या तालावरची. पुढे केलेल्या कशाचाही उपयोग झाला की नाही हे त्याशिवाय कळणार नाही. आपल्याला बरं वाटतंय यावर मी विश्वास ठेवत नाही. पैसे भरून काहीही केलं की बरं वाटतंच. तुम्ही स्वतः मात्र रिपोर्ट येऊन डॉक्टरांनी होकार देईपर्यंत ही चाचणीही करू नका आणि जोरकस धावूही नका. त्या दिवशी शिट्टी आणि वही हातात घ्या.

मग आठ आठवडे दोन्ही संध्याकाळी चार-चार मिनिटांचे ते डाव. सरळ धावायचा कंटाळा आला तर छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार खेळा, चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत टाकायचा, म्हणजे कुणाला थांबायला मिळत नाही. नाडी तितकीच चढते आणि खेळही सुधारतो. सुरुवातीचे दोन आठवडे चारऐवजी तीनच डाव घ्या. चौथ्या आठवड्यापासून एका संध्याकाळी, अंग गरम झाल्यावर पण डावांच्या आधी, तीस मीटरचे सहा स्प्रिंट, मधे पंचवीस सेकंद, असे दोन गट, दोन गटांत चार मिनिटांची विश्रांती. हे स्प्रिंट ताज्या पायांनी मारायचे असतात, म्हणून त्या दिवशी डाव कमी ठेवा. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी द्या. गुडघ्यांवर बसून, जोडीदारणीने घोटे धरायचे आणि धड सावकाश पुढे सोडत न्यायचं. स्प्रिंट वाढले की तो स्नायू दुखावतो, आणि या एका व्यायामाने ती दुखापत बरीच टळते.

नवव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा यो-यो. आकडे वाढले असतील आणि तरीही संघाकडे पैसे आणि वेळ उरत असेल, तर खोलीचा विचार करायला माझी हरकत नाही. पण ट्रेडमिलवर तासभर पळायला जाऊ नका. मोटरवाल्या ट्रेडमिलला वेग धरायलाच वेळ लागतो, सहा सेकंदांचा स्प्रिंट तिथे होतच नाही. सायकल घ्या. पाच-पाच स्प्रिंटचे तीन गट, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. आणि हे नेहमीच्या स्प्रिंटच्या जागी करायचं, त्यांच्यावर जादा नाही. स्पर्धेच्या आधीचा पूर्ण आठवडा बंद. पंधरा जणींचे पैसे एकत्र करण्याआधी दोघी-तिघींनीच करून आकडे बघितलेत तर आणखी चांगलं.

खोलीत पाऊल टाकण्याआधी तिथल्या लोकांना प्रश्न विचारा. आत ऑक्सिजन किती टक्के ठेवता, आणि तो दाखवणारं यंत्र कुठे आहे? ठरलेल्या पातळीखाली गेला तर गजर होतो का? दार बंद असताना सगळ्यांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो, तो मोजता का? सराव चालू असताना बाहेर कुणी लक्ष ठेवून असतं का? उत्तरं टाळली तर परत फिरा. ऑक्सिजन फार उतरला तर गुदमरल्यासारखं वाटतही नाही, माणूस थेट बेशुद्ध पडतो, म्हणून हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. घरी असला तंबू किंवा खोली तयार करण्याच्या वाटेला कुणीही जाऊ नका. बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर धावताना किंवा पॅडल मारताना हलतो आणि चुकीचे आकडे दाखवतो, म्हणून तो दोन गटांच्या मधे, हात स्थिर ठेवून बघा.

गरोदर असलेल्या, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्या, दमा आटोक्यात नसलेल्या आणि रक्तक्षय असलेल्या कुणीही आत जाऊ नये. सिकलसेलचा एकच जनुक असणाऱ्यांना एरवी काही जाणवत नाही, पण कमी ऑक्सिजनमध्ये जीव तोडून व्यायाम केला तर त्यांना गंभीर धोका होऊ शकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर आधी ती तपासणी करा. हा प्रश्न संघासमोर मोठ्याने विचारू नका. एकेकीला बाजूला घेऊन विचारा.

श्वास रोखून धावणारीबद्दल राहिलंच. अर्धा श्वास बाहेर सोडून, तो रोखून छोटे स्प्रिंट मारायची पद्धत संशोधकांनीही वापरली आहे आणि तिने रक्तातला ऑक्सिजन खरंच उतरतो. पण ते प्रयोग देखरेखीखाली झाले, आणि ती व्हिडिओ बघून एकटी करते आहे. चक्कर, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही आलं तर तिने ते तिथेच सोडायला हवं. आणि पाण्यात असला प्रयोग कधीही, उथळ पाण्यातसुद्धा, करायचा नाही हे तिला माझ्या नावाने सांगा. पोहताना श्वास रोखून बेशुद्ध होऊन चांगले तयारीचे लोक बुडाले आहेत.

तुमच्या संघाचं मला कौतुक वाटतं. दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी बूट बांधणाऱ्या पंधरा-वीस जणी एकत्र टिकवणं हेच केवढं काम आहे. रिपोर्ट आला की फेरिटिनचा आकडा मला कळवा. तो कमी निघाला तर उपचार सुरू झाल्यावर तुमच्यापुरता चार मिनिटांच्या डावांचा हिशेब वेगळा करावा लागेल, आणि तो मी तुम्हाला करून देईन.